हद्द कायम न झालेले मामा

सत्तरी उलटून गेली तरी आपण नेमके कुठे संपतो हे ज्यांना कळलेलं नाही, असे उभ्या सोलापूर जिल्ह्यात एकच गृहस्थ आहेत, आणि ते नेमके आमच्या हिचे मामा निघावेत हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. तुम्हाआम्हाला हा प्रश्नच पडत नाही. आपली चामडी संपली की आपण संपलो, त्यापुढे शेजारी सुरू झाला, आणि शेजाऱ्याचं पोट दुखलं तर आपण फार तर ओवा सुचवतो. मामांचं तसं नाही. त्यांच्या मते चामडी ही माणूस पावसात भिजून फुगू नये म्हणून दिलेली वस्तू आहे, तिचा आणि मालकीचा काही संबंध नाही. मेंढरू, कुत्रं, कावळा, पाल, शेवग्यावरचा सुरवंट, हे सगळं मामांच्या हिशेबी थोडं थोडं मामाच आहे. कुठलाही प्राणी दाखवा, मामा त्याच्याकडे क्षणभर निरखून बघणार आणि म्हणणार, "म्हंजे मीच की." आता हेच एखाद्या मठातल्या बुवांनी सांगितलं असतं, तर आम्ही हात जोडून ऐकलं असतं, प्रसाद घेतला असता आणि घरी येऊन विसरलो असतो. मामा नुसतं सांगत नाहीत, तसं वागतातही. सगळा घोळ तिथे आहे.

गंमत अशी की मामांची सगळी नोकरी झाली ती मोजणी खात्यात. दोन भावांच्या शेतांमधला बांध कुठून जातो ते साखळी टाकून दाखवायचं, दगड रोवायचे आणि दोन्हीकडच्या शिव्या समान वाटपाने घेऊन घरी यायचं, हे त्यांचं काम. या प्रकाराला सरकारी भाषेत 'हद्द कायम' करणं म्हणतात. दुसऱ्यांच्या हद्दी कायम करण्यात हयात गेलेल्या या माणसाची स्वतःची हद्द मात्र कायम करायची राहून गेली, आणि त्यासाठी कुणी अर्जही केला नाही. मामांचं मूळ घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. "आमच्या बाला बांध म्हाईतच न्हवता," मामा सांगतात. "मेंढरं जातील तितं रान. हे रान संपलं की दुसरं रान." अशा घरातला माणूस मोजणीच्या नोकरीत रमला कसा, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, "रमलो की. ज्या वीतभर जागंसाठी लोकं भांडायची ना जावईबापू, तितं दोघं बी पाय ठेवायचे न्हाईत. तितलं गवत लई गोड. माझ्या शेळीनं उभ्या जिल्ह्यातल्या भांडनांचं गवत खाल्लंय." त्या शेळीचं दूध पिऊन हिचा मामेभाऊ, मामांचा मुलगा दत्ता, वाढला, हे कळल्यापासून दत्ताचा स्वभाव मला जास्त समजतो.

निवृत्तीनंतर मामा-मामी शहराच्या जुळे सोलापूर भागात दत्ताच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, आणि माझं औषधाचं दुकान त्याच रस्त्यावर असल्यामुळे मी आयता सापडलो. एकदा ते खोकल्याचं औषध मागायला आले. कुणाला खोकला आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक खार अर्धी बाहेर काढून दाखवली. अशा वेळी वाद घालायचा नसतो, म्हणून मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, आणि माझ्याकडे खारीचं वजन नाही. मामांना ते पटलं. ते दुकानाबाहेरच्या वजनकाट्यावर खारीसकट उभे राहिले, मग खार पायरीवर ठेवून पुन्हा उभे राहिले. काटा जागचा हलला नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस खट्टू होईल. मामा उलट खुलले. "बगा," म्हणाले, "ती आली काय, गेली काय, मी तेवडाच. म्हंजे मीच की ती." खार तोवर पसार झाली होती, आणि तिचा खोकला बरा असावा असा निष्कर्ष काढून मामाही गेले.

दुसऱ्या एका सकाळी ते लंगडत आले. डावा गुडघा धरला होता. मी मलम काढलं तर म्हणाले, "औशद नगं. आदी हा पाय कुनाचा दुकतोय ते बगतो." आणि त्या दुखऱ्या पायाचा मालक शोधायला सगळी कॉलनी पालथी घातली. पाण्याच्या टाकीखाली एक कुत्रं सापडलं, त्याच्या डाव्या पायात बाभळीचा काटा होता. मामांनी तो काढला आणि संध्याकाळी ताठ चालत मला दाखवायला आले. मी चकित झालो असतो, पण त्यांच्यामागून भाजीची पिशवी घेऊन मामी येत होत्या. "रोज रात्री अर्दा तास निलगिरीचं त्याल मी चोळायचं," मामी म्हणाल्या, "आन नाव कुत्र्याचं. माजे बी दोनी गुडगे दुकत्यात, ते कुनाचे हायत तेवडं बगा म्हनावं." यावर आम्ही सगळे हसलो. मामाही हसले. मामी पिशवी या हातातून त्या हातात घेऊन जिन्याकडे वळल्या.

मामी हा मामांच्या तत्त्वज्ञानाचा विरोधी पक्ष आहे. मामा डास मारत नाहीत, कारण चावलेल्या डासाच्या पोटात मामांचंच रक्त असतं. "रगत माजं, पंख त्येचं. भागीदारी हाय," असं त्यांचं म्हणणं. मामी रोज दिवेलागणीला ती वीज लावलेली रॅकेट घेऊन घरभर फिरतात, आणि प्रत्येक 'चट्'ला गॅलरीत बसलेले मामा दचकतात. "गेला तुमचा आनकी एक भाऊबंद," असं मामी आतून कळवतात. मटणाच्या बाबतीत मात्र दोघांचं एकमत आहे. रविवारी काळ्या मसाल्याचा रस्सा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असा बेत असतो आणि मामा तो मन लावून जेवतात. सगळं एकच आहे म्हणता आणि बोकडावर ताव मारता, हे कसं, असं मी एका रविवारी त्यांना कोंडीत पकडलं. मामांनी नळीतला गर आधी शांतपणे ओढून घेतला. मग म्हणाले, "मग परक्याला खाऊ का? परकं पचत न्हाय." अशा उत्तरानंतर सुज्ञ माणसाने खाली मान घालून भाकरी कुस्करावी. मीही तेच केलं.

एवढा चालता-फिरता माणूस, पण मागच्या वर्षी जिना चढताना मध्येच बसायला लागला. आधी मामांनी दम लागलेला प्राणी शोधून पाहिला. तो सापडेना, तेव्हा दत्ताने त्यांना दवाखान्यात नेलं. हृदयाची एक झडप पार निकामी झाली होती, नवी बसवायला हवी होती. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक धातूची झडप, ती टिकते खूप, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी जनावराची, ती काही वर्षांनी झिजते, पण या वयाला तीच बरी. मामांनी विचार करायला श्वासाइतकाही वेळ घेतला नाही. "जनावराचीच घाला. लोकंडाचं आन माजं काय नातं?" मामींनी विचारलं, "कसल्या जनावराची?" दत्ताने डॉक्टरांना मागून डोळा मारला, आणि डॉक्टर म्हणाले, "बायोलॉजिकल व्हॉल्व्ह असतो, काकू." एवढं लांबलचक नाव म्हणजे चांगल्या घरचंच जनावर असणार, अशी मामींची समजूत झाली. ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ मात्र त्या बाहेरच्या बाकावर मामांचा सदरा मांडीवर घेऊन घडी घालत होत्या आणि परत मोडत होत्या. मी आयुष्यभर औषधं विकली आहेत, पण त्या बाकावर उपयोगी पडेल असं माझ्या दुकानात काही नव्हतं.

ऑपरेशन उत्तम झालं. घरी सोडायच्या दिवशी मामांनी डॉक्टरांचा हात धरला आणि विचारलं, "सायेब, ही झडप कुनाची हाय?" डॉक्टर बिचारे खुशीत होते, बोलून गेले. "डुकराची, काका. परदेशातनं येते." मला वाटलं, मामा विटाळ मानतील. ते नुसते गाडीत जाऊन बसले. जुळे सोलापुरात घरटी एक मुलगा पुण्यात आणि एक परदेशात असतो, तेव्हा आता तुमचंही परदेशात नातं जुळलं, असा विनोद मी गाडीत करून पाहिला. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. दारात मामी आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या, हातात ओवाळून टाकायला भाकरतुकडा होता. मामा उंबऱ्याबाहेरच थांबले. "ववाळू नगस," म्हणाले. "सुतक हाय."

मामींनी ताट खाली घेतलं. "कोन गेलं?"

"ज्येची झडप हाय ते," मामा म्हणाले. "आज कळलं."

झडप डुकराची आहे हे मामींना असं उंबऱ्यावर समजलं. त्यांनी आधी आत जाऊन देवघराचा पडदा ओढला. मग थोड्या वेळाने तो परत उघडला, देवालाही अंधारात ठेवून काय उपयोग असं वाटलं असावं. इकडे मामांनी आतल्या खोलीत घोंगडी अंथरली, दाढीचं सामान उचलून ठेवायला लावलं आणि जाहीर केलं की बातमी कळल्यापासून दहा दिवस सुतक, आणि ते नुसतं त्यांना नाही, सगळ्या घराला, कारण घरातलंच गेलं आहे. एरवी आम्ही हे हसण्यावारी नेलं असतं. पण पाचव्या दिवशी दत्ताच्या मुलीचा, अश्विनीचा, साखरपुडा होता. अक्कलकोटचं स्थळ, मुलगा चांगला, पुढे बरेच दिवस मुहूर्त नाही. मामांना बाहेर नेता येत नाही म्हणून कार्यालय रद्द करून घरातच, मोजक्या माणसांत करायचं ठरलं होतं. आता सुतक असलेल्या घरात साखरपुडा होत नाही, एवढं कुणालाही कळतं. मामांनी तोडगा सुचवला की शेजारच्या फ्लॅटमध्ये उरकून घ्या, मी येत नाही. अश्विनी ही मामांच्या खांद्यावर वाढलेली पोर. ती म्हणाली, "आजोबा समोर बसणार नसतील तर मी पाटावर बसणार नाही. लग्न मोडलं तर मोडू दे." ती आजोबांवर गेली आहे, त्यामुळे हे नुसतं बोलणं नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी आपापली अक्कल पाजळली. दत्ता म्हणाला, "अण्णा, तो स्पेअर पार्ट आहे." मामा म्हणाले, "मग मी मोटार हाय का?" ही म्हणाली, मामा, जनावराचं सुतक शास्त्रात नाही. मामा म्हणाले, "शास्त्र लिवनाऱ्याच्या छातीत त्याची स्वताचीच झडप व्हती." शेवटी मी पुढे झालो. म्हटलं, मामा, सुतकाला रक्ताचं नातं लागतं. मामांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "जावईबापू, माजं समदं रगत त्येच्यातनंच जातंय की ओ. आनी कसलं नातं पायजे?" मी दुकान उघडायचं निमित्त काढून निघालो. खरं सांगायचं तर मला राग आला होता. एका माणसाच्या लहरीपायी पोरीचं जमलेलं लग्न टांगणीला लागलं होतं, आणि त्या माणसाच्या तोंडावर काही बोलायची सोय नव्हती, छातीवरचे टाके अजून ओले होते.

दत्ताने अक्कलकोटला फोन केला आणि 'घरात जरा अडचण आहे' इतकंच सांगितलं. डुकराचं सुतक आहे हे व्याह्यांना फोनवर कुठल्या शब्दांत सांगायचं असतं, ते मलाही माहीत नाही. मुलाच्या घरचा कारभार त्याच्या आजीच्या हातात होता. बोलणं मराठी, पण मधेमधे कानडी, आणि आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागे. अडचण म्हणजे पोरीच्या आजोबांचं काहीतरी लपवतायत, असा त्यांना वास आला. ठरलेल्या दिवशी साडी, साखरेचा पुडा, ओटीचं सामान आणि चार माणसं घेऊन आजीबाई थेट दारात उभ्या राहिल्या. "अडचन बगाया आलो," म्हणाल्या, आणि चपला काढून सरळ आतल्या खोलीत गेल्या. मागोमाग आम्ही सगळे. घोंगडीवर वाढल्या दाढीचे मामा बसले होते. 

"काय री पाव्हनं, कोन गेलं?" आजीबाईंनी समोर बसकण मारली.

मामांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. झडप कशी गेली, दुसरी कुणाची आली, ती देणारं कसं मेलं, आणि त्याच्यासाठी दहा दिवस बसायला जगात दुसरं कुणी नाही म्हणून आपण कसे बसलो आहोत. दत्ताने डोळे मिटून घेतले होते. मी पाहुण्यांच्या चपला कुठल्या दिशेला तोंड करून आहेत ते बघत होतो. आजीबाईंनी मात्र एखाद्याच्या दुखवट्याला बसल्यासारखं सगळं ऐकलं, मध्ये दोनदा 'हौद्री, हौद्री' म्हणून होकार भरला, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला.

"नर व्हतं का मादी?"

"ते कळलं न्हाय," मामा म्हणाले.

"मग मादीच धरा. आपलं घर सोडून तिची झडप तुमच्या घरी नांदायला आली का न्हाई? तुमच्यात मिसळली का न्हाई? मग ती झडप सून झाली की ओ, आन मेलं ते तिचं म्हायेर. लेक एकदा नांदायला गेली की तिला म्हायेरचं सुतक किती दिवस?"

"तीन," मामा म्हणाले.

"तुमाला कळून किती झाले?"

"तीन होऊन गेले," दत्ता इतक्या घाईने म्हणाला की त्याला ठसका लागला.

"फिटलं तर मग. उटा, दाडी करा," आजीबाई म्हणाल्या.

मामा विचारात पडले. जुना वाद सोडवताना नकाशा फिरवून बघावा तसं त्यांनी ते म्हणणं सगळ्या बाजूंनी बघितलं आणि त्यात खोट सापडली नाही. त्यांच्याच तर्काने त्यांना कुणीतरी बांधापलीकडे नेऊन ठेवलं होतं. "बराबर हाय," ते म्हणाले, आणि खोलीत एकदम हशा पिकला. अश्विनी तर हसता हसता रडायला लागली. हशा ओसरत होता तेव्हा दारातून मामींचा आवाज आला. त्यांच्या हातात कुंकवाचं तबक होतं. आवाज चढलेला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं त्या सांगत होत्या.

"व्हय, तीनच दिवस असत्यात. माजा बा गेला तवा मी तीन दिवसांत रडायचं तेवडं रडून घेतलं. चवथ्या दिवशी तुमच्या भनीचं डोहाळजेवन व्हतं. समद्या पंगतीच्या भाकरी मी थापल्या. डोळ्याला पदर लावला की सासूबाई म्हनायच्या, धुराकडं तोंड करून बस, म्हंजे कुनाला कळायचं न्हाय."

 आजीबाईंनी उठून मामींच्या पाठीवर हात ठेवला. मामा मामींकडे बघत होते. खारीकडे, कुत्र्याकडे बघायचे तसं नव्हे, मी त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"मी मातीला आलतो की," मामा हळूच म्हणाले.

"आलता. दुसऱ्या दिवशी मोजनीला गेला."

"मला म्हाईत न्हवतं."

"म्हाईत असतं तर काय केलं असतं? उटा आता. पोरीला कुंकू लावायचंय."

साखरपुडा झाला, आणि चांगला झाला. मामा गुळगुळीत दाढी करून, नवी टोपी घालून खुर्चीवर बसले. अश्विनीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा 'छातीवर न्हाई पडायचं, सूनबाई नवी हाय' असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलंही. पण पेढा हातातच राहिला होता, आणि नजर सारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे जात होती. मामी आतबाहेर करत होत्या. दरवेळी उंबऱ्यापाशी त्या चौकटीला हात लावत, गुडघ्याला जरा उसंत देत आणि मग पाऊल टाकत. मी इतकी वर्षं त्या घरात जातोय, मलाही ते त्या दिवशीच दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताचा फोन आला. म्हणाला, अण्णांनी परत घोंगडी टाकली. मी शटर अर्धं ओढून धावलो. आता कुणाचं, म्हणून विचारलं, तर मामा म्हणाले, "सासऱ्यांचं. ऱ्हायल्यालं हाय." जावयाला सासऱ्याचं सुतक ते किती, आणि त्यालाही इतकी वर्षं लोटलेली, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण घोंगडीवर मामांच्या शेजारी आणखी एका माणसाची जागा मोकळी ठेवलेली दिसली आणि मी ते मिटलं. मामी स्वयंपाकघरातून ओरडत होत्या. "लोकं शेन घालतील तोंडात. म्हातारपनी थेरं." मामांनी दत्ताच्या बायकोला सांगून मामींच्या हातातलं लाटणं काढून घ्यायला लावलं. दुपारपर्यंत मामींनी भिंतीशी, फ्रीजशी आणि माझ्याशी भांडून घेतलं. मग आल्या, आणि भिंतीला टेकून, पाय लांब करून बसल्या.

ते दिवस मी रोज औषधं द्यायच्या निमित्ताने तिकडे डोकावत होतो. मामी त्यांच्या वडिलांबद्दल बोलायच्या. त्यांची शीळ दोन टेकड्यांपलीकडच्या मेंढराला कशी कळायची, दात नव्हते तरी हरभरे कसे खायचे, आणि मुलीला सासरी पोचवून परत जाताना त्यांनी मागे कसं वळून बघितलं नाही. मामा ऐकायचे. मेंढरं आली, कुत्री आली, विहिरीत पडलेलं कोकरू आलं, पण एवढ्या दिवसांत एकदाही मामा 'म्हंजे मीच की' असं म्हणाले नाहीत. एकदा मामी रडायला लागल्या, तेव्हा गॅलरीचं दार लावून घ्यायला दत्ता उठला. मामांनी त्याला खुणेनेच खाली बसवलं. दार उघडंच राहिलं, आणि समोरच्या बिल्डिंगला जे ऐकू जायचं ते गेलं.

शेवटच्या दिवशी मामांनी घरी न्हाव्याला बोलावलं आणि डोक्याचा गोटा करून घेतला. सासऱ्यासाठी जावयाने डोकं भादरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. संध्याकाळी ते डॉक्टरांनी सांगितलेली पावलं मोजत माझ्या दुकानापर्यंत आले. दुकानात कॉलनीतले एक गृहस्थ होते, त्यांनी ते डोकं बघितलं आणि आवाज उतरवून विचारलं, "कोण गेलं हो?"

"सासरे," मामा म्हणाले.

"अरेरे. कधी?"

"लई वर्सं झाली," मामा म्हणाले. "मला आत्ता कळलं."

ते गृहस्थ आपल्या गोळ्या घेऊन गेले. मामा काउंटरला टेकून थोडा वेळ दम खात उभे राहिले. मग म्हणाले, "गुडग्याचं त्याल द्या एक बाटली." सवयीने मी चेष्टा करायला गेलो. म्हटलं, का हो, परत कुणाच्या पायात काटा मोडला? कुठलं कुत्रं शोधायचं आता?

"न्हाय," मामा म्हणाले. "तिचे हायत. तिचेच हायत."

मी बाटली काढून दिली. एके काळी खार होती त्याच खिशात ती ठेवून मामा सावकाश रस्ता ओलांडून घरी गेले.